दारूगोळ्याची टंचाई, अमेरिकेतील

दारूगोळ्याची टंचाई, अमेरिकेतील : बंदूक हाताशी असूनही तीत भरावयाची दारू, गोळ्या किंवा काडतुसे पुरेशी न मिळणे, या स्थितीस दारूगोळ्याची टंचाई म्हणतात. बंदूक एकदा घेतली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दारूगोळा मात्र प्रत्येक बाराबरोबर संपतो व पुन्हा मिळवावा लागतो. त्यामुळे बंदूक ही व्यक्तीची खाजगी मालमत्ता असली, तरी तिची उपयुक्तता खाण, कारखाना, व्यापार व शासन यांवर अवलंबून राहते. सामान्य नागरिकांनी शस्त्र बाळगण्याची परंपरा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रदीर्घ आहे; म्हणून या परावलंबनाचा अनुभवही तेथे वारंवार आला. १७७५ मधील बंदुकीच्या दारूची टंचाई व २००८ नंतर तीन वेळा उद्‌भवलेली काडतुसांची टंचाई ही त्याची ठळक उदाहरणे होत.

वसाहतींतील स्थिती : ब्रिटिश अमेरिकेतील वसाहतींमध्ये नागरी सेनेची पद्धत रूढ होती. बहुतेक वसाहतींत प्रौढ गोऱ्या पुरुषांनी स्वतःची बंदूक घेऊन कवाईतीस येणे बंधनकारक असे. चकमकीच्या ठासणीच्या बंदुकांसाठी लागणाऱ्या शिशाच्या गोळ्या चुलीजवळ साच्यात ओतून घरीच करता येत. दारूचे मात्र तसे नव्हते. ती ओलीने निकामी होई व ठिणगीने पेट घेई. म्हणून तिचा मोठा साठा घरात न ठेवता वस्तीपासून दूर बांधलेल्या सार्वजनिक दारूकोठारांत ठेवीत. ती बव्हंशी इंग्लंडहून येत असे. सप्तवार्षिक युद्धाच्या (१७५६–६३) अखेरीनंतर वसाहतींतील दारू तयार करण्याचा धंदाही मंदावला होता. अशा रीतीने बंदूक घरची आणि दारू बाहेरची, अशी परिस्थिती निर्माण झाली.

ही दुर्बलता ब्रिटिश शासनाने ओळखली होती. १ सप्टेंबर १७७४ रोजी मॅसॅचूसेट्‌सचा गव्हर्नर टॉमस गेज याच्या सैनिकांनी बॉस्टनजवळील दारूकोठार रिकामे केले. ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटनमधून वसाहतींकडे शस्त्रे व दारू पाठविण्यास राजाज्ञेने बंदी घालण्यात आली. तिची वार्ता पोहोचताच डिसेंबरमध्ये न्यू हॅम्पशरमधील वसाहतवाल्यांनी पोर्ट्‌स्मथजवळच्या किल्ल्यातून सुमारे शंभर पिंपे दारू पळविली. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे युद्धाची पहिली ठिणगी पडली, ती काँकर्ड येथील युद्धसाहित्य जप्त करण्यास निघालेल्या ब्रिटिश तुकडीमुळेच. त्यानंतर दोनच दिवसांत व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने विल्यम्सबर्ग येथील दारू रातोरात हलविली. घरोघरच्या बंदुका गोळा करणे दुष्कर होते. कोठारातील दारू उचलणे तुलनेने सोपे होते. वसाहतवाल्यांना मिळालेला हा पहिला धडा होय.

बंकर हिल व बॉस्टनचा वेढा : १७ जून १७७५ रोजी बंकर हिलच्या लढाईत वसाहतींच्या सैनिकांनी ब्रिटिशांचे दोन हल्ले परतविले. तिसऱ्या हल्ल्याच्या वेळी मात्र त्यांची दारू संपत आली आणि मोर्चे सोडून त्यांना माघार घ्यावी लागली. ब्रिटिशांचे हजाराहून अधिक सैनिक या लढाईत मृत वा जखमी झाले, तरी टेकडी त्यांच्याच हाती गेली.

जॉर्ज वॉशिंग्टन याने ३ जुलै १७७५ रोजी केंब्रिज येथे सेनापतिपदाची सूत्रे घेतली. तीनशेहून अधिक पिंपे दारू शिल्लक असल्याचे त्यास प्रथम कळविण्यात आले होते. ऑगस्टच्या प्रारंभी उघड झाले, की हा आकडा शिलकेचा नसून प्रांताने आरंभापासून जमविलेल्या एकूण दारूचा आहे आणि तीतील बरीचशी खर्च झालेली आहे. प्रत्यक्षात दर सैनिकास नऊ बारांहून अधिक दारू उरली नव्हती. जमा आणि शिल्लक यांतील हिशेबी गोंधळामुळे संपूर्ण सैन्य धोक्यात आले होते. वॉशिंग्टनने ही गोष्ट शत्रूप्रमाणेच स्वतःच्या सैनिकांपासूनही गुप्त ठेवली, निष्कारण बार काढण्यास मनाई केली आणि शेजारच्या वसाहतींकडे दारूची मागणी केली. दारूअभावी मोठा हल्ला अशक्य असल्याने वेढा मार्च १७७६ पर्यंत लांबला. टंचाई इतकी तीव्र होती, की बेंजामिन फ्रँक्लिन याने फेब्रुवारी १७७६ मध्ये जनरल चार्ल्स ली यास लिहिलेल्या पत्रात धनुष्यबाण पुन्हा वापरात आणण्याचा विचार गंभीरपणे मांडला.

सोऱ्याचा प्रश्न : बंदुकीच्या दारूत सर्वसाधारणपणे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. कोळसा कोठेही करता येतो; खरी अडचण सोऱ्याची होती. त्या काळी उत्तम सोऱ्याचा सर्वांत मोठा पुरवठा बिहारमधून होत असे. तेथील नोनिया जातीचे लोक गावाभोवतालची खारी माती खरवडून, ती पाण्यात धुऊन व ते पाणी आटवून सोरा काढीत. प्लासीच्या लढाईनंतर १७५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या व्यापाराचा मक्ता मिळविला. परिणामी ज्या सत्तेविरुद्ध अमेरिकन वसाहती उठल्या होत्या, तिच्याच ताब्यात जगातील सोऱ्याचा प्रमुख उगम होता.

यावर दोन उपाय योजण्यात आले. पहिला, सोरा देशातच तयार करण्याचा. काँटिनेंटल काँग्रेसने १७७५ मध्ये सोरा काढण्याच्या कृतींची पुस्तिका प्रसिद्ध केली व लोकांना तबेले, तळघरे आणि जुनी कोठारे यांच्या जमिनीतील माती धुऊन सोरा काढण्याचे आवाहन केले. बॉस्टनचा चांदीकारागीर पॉल रिव्हिअर यास दारूची गिरणी पाहण्यासाठी फिलाडेल्फियाजवळ पाठविण्यात आले. या प्रयत्नांस यश आले, परंतु ते मर्यादित होते. दुसरा उपाय आयातीचा. वेस्ट इंडीजमधील सिंट युस्टेशस हे डच बेट चोरट्या दारूची मोठी बाजारपेठ बनले, तर फ्रेंच नाटककार बोमार्शे याने १७७६ मध्ये एक नाममात्र व्यापारी कंपनी स्थापून फ्रेंच शासनाच्या छुप्या साहाय्याने शस्त्रे व दारू धाडली. युद्धाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरलेल्या दारूपैकी सुमारे नऊ-दशांश दारू तयार स्वरूपात किंवा सोऱ्याच्या रूपाने परदेशांतूनच आली होती. नागरी सैनिकाच्या स्वावलंबनाविषयी पुढे रूढ झालेल्या कल्पनेच्या संदर्भात हे प्रमाण लक्षणीय आहे.

कायद्यातील प्रतिबिंब : १७९१ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या हक्काचा निर्देश आहे, दारूगोळ्याचा वेगळा उल्लेख नाही. १७९२ च्या नागरी सेनेच्या कायद्यात मात्र ही उणीव भरून काढलेली दिसते. या कायद्याने १८ ते ४५ वर्षे वयाच्या सशक्त गोऱ्या नागरिकाने बंदुकीबरोबर किमान २४ कागदी काडतुसे, अथवा रायफल असल्यास २० गोळ्या व पाव पौंड दारू स्वखर्चाने बाळगावी, असे ठरविले. तथापि त्याची अंमलबजावणी ढिलाईनेच झाली. याहून टिकाऊ परिणाम उद्योगधंद्यात झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझर याच्या हाताखाली दारू करण्याचे शिक्षण घेतलेला एल्यूतेर इरेने द्यू पाँ याने १८०२ मध्ये डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी दारूचा कारखाना स्थापन केला.

धातूच्या काडतुसांचे युग : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी काडतुसे प्रचारात आली. त्यामुळे बंदूक भरणे सुलभ झाले, पण बंदूकधारी पूर्वीपेक्षा अधिक परावलंबी बनला. ठासणीच्या बंदुकीस तिच्या तोंडात मावेल अशी कोणतीही गोळी चाले. नव्या बंदुकीस तिच्याच मापाचे काडतूस लागते. झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळीत नवी स्फोटक टोपी, दारू व गोळी बसवून ते पुन्हा वापरता येते. अनेक हौशी नेमबाज व शिकारी हे काम घरी करतात. परंतु टोपी कारखान्यातूनच आणावी लागते. सर्वांत स्वस्त व लोकप्रिय अशा .२२ मापाच्या काडतुसात स्फोटक द्रव्य तळाच्या कडेतच भरलेले असल्याने ते पुन्हा भरणे व्यवहार्य नसते. दुसऱ्या महायुद्धात कारखाने सैन्याच्या मागणीकडे वळल्याने नागरिकांना काडतुसे दुर्मिळ झाली होती.

२००८ नंतरच्या टंचाया : या टंचायांचे कारण निराळे होते. येथे माल अडविणारा शत्रू नव्हता. भीतीपोटी अचानक वाढलेली मागणी होती. नोव्हेंबर २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर नवे निर्बंध येतील या समजुतीने काडतुसांची मोठी खरेदी झाली. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील शाळेत २० मुले व ६ प्रौढ कर्मचारी यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर निर्बंधांची चर्चा सुरू होताच दुकाने पुन्हा रिकामी झाली; .२२ मापाची काडतुसे तर त्यानंतरही दीर्घकाळ दुर्मिळ राहिली. केंद्रीय अंतर्गत सुरक्षा खाते काडतुसे विकत घेऊन टंचाई निर्माण करीत आहे, अशी अफवा त्या वेळी पसरली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय लेखापरीक्षण अहवालात या खात्याची खरेदी उलट घटत गेल्याचे आढळले.

तिसरी टंचाई २०२० मध्ये कोविड महासाथीबरोबर आली व तिचा प्रभाव पुढे दोन वर्षे जाणवला. बंदूकखरेदीशी संबंधित केंद्रीय पूर्वचौकशांची संख्या २०१९ मधील सुमारे २ कोटी ८४ लक्षांवरून २०२० मध्ये सुमारे ३ कोटी ९७ लक्षांवर गेली. प्रत्येक चौकशी म्हणजे एक विक्री नव्हे. तरीही मागणीची वाढ त्यावरून ध्यानात येते. पुरवठ्याची बाजूही दुबळी होती. रेमिंग्टन या जुन्या कंपनीने जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. स्फोटक टोप्या करणारे देशी कारखाने मोजकेच असल्याने आणि कारखाने प्रथम तयार काडतुसांसाठी टोप्या वापरीत असल्याने घरी काडतुसे भरणाऱ्यांचीही कोंडी झाली. सप्टेंबर २०२१ पासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात-परवान्यांवर निर्बंध आले, त्यामुळे स्वस्त मालाचा एक मार्ग आक्रसला.

बोध : या टंचायांतून बंदूकधारकांनी काही व्यावहारिक धडे घेतले. सुलभ मापाची बंदूक निवडणे, भाव उतरलेले असताना थोडीथोडी खरेदी करणे, काडतुसे कोरड्या व थंड जागी कुलुपात ठेवणे, तसेच शिल्लक मालाचा खरा हिशेब ठेवणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. काडतुसांअभावी सराव थांबतो, ही बाब अधिक गंभीर आहे. २०२० मध्ये प्रथमच बंदूक घेणाऱ्या असंख्य लोकांच्या हाती शस्त्र आले, पण ते सुरक्षितपणे हाताळण्याच्या सरावासाठी काडतुसे मिळेनाशी झाली. साठेबाजी हा वैयक्तिक उपाय असला, तरी सर्वांनी एकाच वेळी अवलंबिल्यास तोच टंचाईचे कारण ठरतो. १७७५ मध्ये दारू नव्हती, म्हणून भीती होती. २००८ नंतर भीती होती, म्हणून काडतुसे उरली नाहीत. दोन्ही प्रसंगी बंदुका लोकांच्या घरीच होत्या. शस्त्राची मालकी एकट्याची असू शकते; त्याचा पुरवठा मात्र नेहमीच अनेकांच्या हाती असतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते.