आईची दुरडी

आमचं घर देवळाली कॅम्पात, भगूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत. दोन खोल्या, वर कौलं, पुढं शेणानं सारवलेला ओटा आणि ओट्याला लागून कडुनिंब. वडील लामरोडवरच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचे. आई घरचं उरकून कधी शेतात मजुरीला जायची. घर एवढंसं, पण त्यात माणसं किती ते मोजता यायचं नाही. नवख्याला आमचं घर सांगायचं तर लोक म्हणायचे, ‘ज्या ओट्यावर गर्दी दिसन ना, तेच.’

आई कशी होती हे सांगायचं तर आधी गाव सांगावं लागतं, कारण देवळाली कॅम्प हे मुळातच वाट बघणाऱ्यांचं गाव. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात इथं छावणी वसवली. नोकरी संपवून विलायतेला परत निघालेल्या गोऱ्या सोल्जरांनी मुंबईचं जहाज मिळेपर्यंत इथं थांबायचं. जहाजं सुटायची साधारण नोव्हेंबर ते मार्च. ज्याची मुदत उन्हाळ्यात भरली त्यानं कित्येक महिने इथंच काढायचे. हाताला काम नाही, घरची ओढ लागलेली. कित्येकांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली टॅप’ असा शब्दच पडला. डूलॅली म्हणजे आपली देवळाली, अन् टॅप म्हणजे आपला साधा ताप.

1947 साली गोरे गेले. त्याच वर्षी फाळणी झाली; काकुलचं तोफखान्याचं स्कूल त्याआधीच देवळालीला आलेलं होतं. पाठोपाठ सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं इथल्या बराकींत उतरली. शिवाय इथली हवा चांगली म्हणून मुंबईचे आजारी लोक सॅनिटोरियममध्ये येऊन राहायचे. कुणी गाडीची वाट बघतंय, कुणी बदलीच्या हुकुमाची, कुणी बरं होण्याची. अशा गावात माझी आई लग्न होऊन आली, 1955 च्या आसपास.

आल्या-आल्या तिची गट्टी जमली ती शेजारच्या सिंधी आजीशी. आजीला मराठी येत नव्हती, आईला सिंधी. तरी दुपारभर दोघी बोलत बसायच्या. आजीच्या घरी कुणी गेलं की पाण्याबरोबर पापड पुढं यायचा. त्यांची ती रीतच. आईनं ती उचलली. आमच्याकडं पाण्याबरोबर गुळाचा खडा असायचा, त्याच्या जोडीला पापड आला. आजीनं कराचीतलं घर कुलूप लावून सोडलं होतं आणि किल्ली जपून ठेवली होती. ती किल्ली तिनं एकदा आईला दाखवली. त्या दिवशी आई घरी येऊन कितीतरी वेळ चुलीपुढं नुसती बसून होती. मला म्हणाली, ‘कुलूप लावून आली बिचारी. आपुन आपलं दार उघडं ठेवावं.’

दार खरंच उघडं असायचं. घोटी-इगतपुरीकडच्या माणसांची पॅसेंजर चुकली की रात्री आमचा ओटा त्यांचाच. तोफखान्यातल्या जवानांच्या नव्या नवऱ्या लांबच्या मुलखातून यायच्या, त्या बाजार कुठं, दळण कुठं हे आईला विचारायच्या. रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या फडताळातली भांडी वाजायची आणि पाहुणा दचकायचा. आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘घाबरू नका, आपल्याच हायेत. जेवा.’ क्षयाच्या पेशंटजवळ जायला लोक भ्यायचे. अशा एका पेशंटची बायको महिनाभर आमच्या चुलीवर पाणी तापवून न्यायची. चार जणींनी आईला टोकलं. आई म्हणाली, ‘मंग तिनं जावं कुढं?’

खरी परीक्षा 1972 च्या दुष्काळात झाली. विहिरी आटल्या. रस्त्याच्या कामावर आयाबाया खडी फोडायला जायच्या, आमची आईही जायची. रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो मिळायचा. त्या लाल ज्वारीची भाकरी तव्यावरच तुटायची. कामावर सुकडी मिळे. आई आपल्या वाटची पदरात बांधून आम्हा चार भावंडांना आणायची. त्यात आईच्या माहेरकडचे लोक, त्यांच्या ओळखीचे, कामाच्या शोधात कॅम्पात यायचे आणि सांजच्याला ओट्यावर टेकायचे.

एका रात्री वडील भडकले. ‘आपलीच पोरं अर्धपोटी हायेत, अन् तू गाव जेवू घालू राहिली!’ त्यांचं चुकत नव्हतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं भाकरी लहान थापायला सुरुवात केली. पाहुणा कमी केला नाही, भाकरीचा घेर कमी केला. हुलग्याच्या माडग्यात पाणी वाढलं. वाढताना ती दुरडीवर फडकं झाकून ठेवायची आणि म्हणायची, ‘घ्या अजून, हाये ना भरपूर.’ एकदा ती पाणी आणायला गेली तेव्हा धाकट्या बहिणीनं फडकं उचललं. खाली काही नव्हतं. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून ती रिकामी दुरडी झाकत होती, आणि आपलं जेवण झालंय असं आम्हाला सांगत होती. बहिणीनं वडिलांना सांगितलं. त्या रात्री वडिलांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून आईपुढं ठेवली. पुढं दुष्काळ सरेपर्यंत आई समोर बसून खाल्ल्याशिवाय ते उठत नसत.

लोक आईच्या पाहुणचाराचं कौतुक करतात. मलाही अभिमान आहे. पण त्या कौतुकात तिची फुटलेली बोटं आणि मारलेली भूक विसरली जाते, म्हणून हे लिहिलं. छावणी कुणी बांधली, तोफखाना कुठून आला, हे कागदोपत्री सापडतं. मात्र इथं अडकून पडलेल्या माणसांना वेड न लागता दिवस काढता आले, ते अशा कितीतरी बायांच्या चुलींमुळं, आणि त्यांची नोंद कुठं नाही.

आईच्या दहाव्याला दारणेच्या काठावर आम्हाला न ओळखणारी माणसं जमली होती. सिंधी आजीचा नातू पापडाची पुडी घेऊन आला होता. एक म्हातारा सांगत होता, ‘बहात्तर साली मी तीन महिने जेवलो इच्या हातचं. मला कधी गाव नाही इचारलं इनं.’

दुरडी आता धाकट्या बहिणीकडं आहे. तिच्या घरी कुणी गेलं की ती फडकं उचलून भाकरी दाखवते आणि मग वाढते.