क्षार: स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत
आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते. या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड या दोन दाहक द्रव्यांच्या संयोगातून साधे मीठ निर्माण व्हावे, हे नवलच. व्यवहारातील मीठ मात्र समुद्रातून वा खाणींतूनच मिळते.

प्रत्येक क्षार उदासीन असतोच असे नाही. तीव्र आम्लारी व सौम्य आम्ल यांपासून बनलेला खाण्याचा सोडा किंचित आम्लारिधर्मी असतो, तर नवसागर आम्लधर्मी. ढोकळ्याच्या पिठात सोड्याचा लिंबाच्या रसाशी संयोग होताच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. धुण्याचा सोडा, गढूळ पाणी निवळणारी तुरटी, द्राक्षबागांत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद हेही क्षारच.

खरी सावधगिरी हवी ती न्हाणीघरात. घरगुती ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट हाही क्षार आहे. त्यात शौचालय स्वच्छ करण्याचे आम्लयुक्त द्रव मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या व्हिनेगरनेही हेच घडते. असा वास येताच बादली तेथेच सोडून तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि श्वासास त्रास होत असल्यास स्थानिक आपत्कालीन सेवेस कळवावे.