संगीतशिक्षण, हिंदुस्थानी

हिंदुस्थानी अभिजात संगीताच्या अध्ययन-अध्यापनाची परंपरा व तिच्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घडून आलेली स्थित्यंतरे. कलावंत घडविणे हा संगीतशिक्षणाचा एक हेतू. संगीत जाणतेपणाने ऐकू शकणारा श्रोता घडविणे हा दुसरा. घराण्यांच्या तालमीत पहिल्या हेतूला सर्वस्वी प्राधान्य होते. संगीत विद्यालये निघाल्यानंतर दुसरा हेतू पुढे आला. या दोन हेतूंचा मेळ कसा घालावा, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पारंपरिक तालीम : राजदरबार आणि धनिक यांच्या आश्रयाने वाढलेल्या या संगीताचे शिक्षण मुख्यतः मौखिक होते. गुरू गंडा बांधून शिष्याचा स्वीकार करी. शिष्य बहुधा गुरुगृही राहून सेवा करी आणि गुरूच्या सोयीने मिळेल ती तालीम घेई. आरंभी दीर्घकाळ स्वरसाधना व पलटे, मग मोजक्या रागांतील बंदिशी, त्यांच्या अनुषंगाने आलाप, बोल व ताना असा क्रम सर्वसाधारणपणे असे. लेखनाला यात जवळजवळ स्थान नव्हते. गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसून गाता गाता शिष्य केवळ रागच नव्हे, तर स्वर लावण्याची रीत, शब्दोच्चार, लयीचे वजन आणि मैफल मांडण्याची पद्धतीही आत्मसात करी. एकेका घराण्याची गायकी पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली ती या सहवासामुळे.

या पद्धतीची दुसरी बाजू कठोर होती. विद्या हेच उपजीविकेचे साधन असल्याने घराण्यातील खास चीजा बाहेरच्या व्यक्तीस सहसा दिल्या जात नसत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांना विद्येसाठी महाराष्ट्राबाहेर जाऊन हालअपेष्टा सोसाव्या लागल्या. ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे प्रदीर्घ तालीम घेऊन त्यांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली व मिरज, इचलकरंजी येथे राहून ती अनेकांना दिली. गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांना अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांची तालीम मध्येच खंडित झाल्याने काही काळ अन्य गुरूंकडे शिकावे लागले. पुढे खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडून त्यांचे शिक्षण पुन्हा सुरू झाले. मोगूबाईंनी ती विद्या आपली कन्या किशोरी आमोणकर यांच्यासह अनेक शिष्यांना दिली. याउलट त्याच घराण्याच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी धोंडूताई कुलकर्णी (१९२७–२०१४) यांचा अपवाद वगळता शिष्य जवळजवळ केले नाहीत. विद्येचे संक्रमण एकेका व्यक्तीच्या इच्छेवर किती अवलंबून होते, हे या उदाहरणांवरून ध्यानात येते.

संस्थात्मक शिक्षणाचा उदय : इंग्रजी शिक्षण घेतलेल्या मध्यमवर्गाला संगीत हवे होते, परंतु त्याच्याशी निगडित असलेल्या सामाजिक कलंकाची भीतीही त्याला वाटे. गवई व्यसनी आणि कलावंतिणी बदनाम असा समज रूढ होता. या कोंडीतून गायनसमाजांचा जन्म झाला. मुंबईत १८७० मध्ये पारशी गायनोत्तेजक मंडळी आणि पुण्यात १८७४ मध्ये पूना गायन समाज स्थापन झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. स्वरलेखनाचा वापर करून वर्गात संगीत शिकविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. पुण्यात भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी १९११ मध्ये भारत गायन समाजाची स्थापना केली. भास्करबुवांनी स्वतः ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची तालीम घेतली होती.

विष्णु दिगंबर पलुसकर : संगीतशिक्षणाला लोकचळवळीचे रूप देण्याचे श्रेय विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्याकडे जाते. कुरुंदवाड येथे जन्मलेल्या पलुसकरांच्या डोळ्यांना बालपणी फटाक्याच्या दारूमुळे इजा झाली आणि शालेय शिक्षण थांबले. मिरज संस्थानच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवांकडे शिकू लागले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते देशाटनास निघाले. दरबारी आश्रयावर विसंबून न राहता तिकीट लावून जाहीर मैफली करण्याची प्रथा त्यांनी रुजविली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाश्रयाऐवजी लोकवर्गणी, मैफलींचे उत्पन्न व शुल्क यांवर चालणारी ही संस्था होती. १९०८ मध्ये तिची शाखा मुंबईत निघाली. ठराविक अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, मासिक, छापखाना, वाद्यनिर्मितीचा कारखाना आणि स्त्रियांसाठी वर्ग अशी या विद्यालयाची व्यापक योजना होती. उपदेशक वर्गातील विद्यार्थी दीर्घ मुदतीचा करार करून विद्यालयात राहत. त्यांच्या निवासाची, भोजनाची व शिक्षणाची सोय तेथे होई. अशा रीतीने जुने गुरुकुल व नवी शाळा यांची सांगड पलुसकरांनी घातली.

मुंबईतील इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही व अखेर तिचा लिलाव झाला. इमारत गेली, तरी शिष्यपरंपरा उरली. ओंकारनाथ ठाकूर (१८९७–१९६७), विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५), नारायणराव व्यास (१९०२–८४), बा. र. देवधर (१९०१–९०) या शिष्यांनी ठिकठिकाणी हे कार्य पुढे नेले. पलुसकरांच्या निधनानंतर १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ १९५० मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत विद्यालयाचे प्रमुख झाले. देवधरांकडे शिकलेले कुमार गंधर्व (१९२४–९२) हे मात्र कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत मावले नाहीत. तालीम शिस्तीची असूनही गुरूचे अनुकरण अटळ नसते, याचे ते ठळक उदाहरण होत.

विष्णु नारायण भातखंडे : पलुसकरांनी संगीताला समाजात प्रतिष्ठा मिळवून दिली, तर भातखंडे (१८६०–१९३६) यांनी त्याला शास्त्राची नवी बैठक दिली. मुंबईत वाळकेश्वर येथे जन्मलेले भातखंडे व्यवसायाने वकील होते. त्यांनी १९०४ मध्ये दक्षिण भारताचा व त्यानंतर उत्तरेचा दौरा करून ग्रंथ पाहिले, पंडितांशी चर्चा केल्या आणि उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या. ग्रंथांतरीचे राग आणि प्रत्यक्ष गायले जाणारे राग यांत मोठे अंतर पडले आहे, हे लक्षात घेऊन त्यांनी प्रचलित गायन हेच प्रमाण मानले. संस्कृतातील श्रीमल्लक्ष्यसंगीतम्, मराठीतील हिंदुस्थानी संगीत पद्धतीचे चार भाग आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग ही त्यांची प्रमुख ग्रंथसंपदा होय. क्रमिक पुस्तकांतील शेकडो स्वरलिपीबद्ध बंदिशींमुळे घराण्यांच्या पेटीत बंद असलेले धन सर्वांना खुले झाले.

दाक्षिणात्य मेलपद्धतीच्या प्रेरणेने त्यांनी बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी अशा दहा थाटांत रागांचे वर्गीकरण केले. शिकणाऱ्याला या वर्गीकरणाचा मोठा उपयोग होतो. तथापि काही राग त्यात नीट बसत नाहीत. उदा., कोमल गंधार व शुद्ध निषाद असणाऱ्या पटदीपाच्या स्वरांशी दहांपैकी एकही थाट जुळत नाही.

भातखंड्यांच्या प्रयत्नाने १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ग्वाल्हेर येथे १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय आणि लखनौ येथे १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघाले. लखनौच्या संस्थेला पुढे भातखंड्यांचे नाव देण्यात आले. २०२२ पासून ते राज्य विद्यापीठ आहे. या महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य असलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–७४) यांनी भातखंड्यांकडे पद्धतशीर शिक्षण घेतले होते व बडोद्यात फैयाजखाँ यांची आग्रा घराण्याची तालीमही घेतली होती. कृ. गुं. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी प्रभृती त्यांचे शिष्य उत्तम गायक तसेच नामवंत शिक्षक झाले. शास्त्र व तालीम यांत मूलतः विरोध नाही, हे या परंपरेने दाखवून दिले.

स्वरलिपी व तिच्या मर्यादा : पलुसकर व भातखंडे यांच्या स्वरलिपी भिन्न आहेत. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर बिंदू अशा मोजक्या खुणा असतात. सुटसुटीतपणामुळे तीच अधिक रूढ झाली. पलुसकर पद्धतीत मात्रांचे अंश दर्शविण्याची सोय अधिक काटेकोर आहे. कोणतीही लिपी बंदिशीचा सांगाडा जपून ठेवते. दरबारी कानड्याच्या गंधारावरील आंदोलन, मींडेचा वेग किंवा स्वराचा लगाव तिच्यातून पुरतेपणी कळत नाही. मारवा, पूरिया व सोहनी हे तिन्ही राग त्याच सहा स्वरांचे. परंतु मारव्यात रिषभ-धैवताला, पूरियात गंधार-निषादाला महत्त्व असते, पूरियाचा वावर मुख्यतः मंद्र-मध्य सप्तकांत, तर सोहनीचा तार षड्जाच्या आसपास असतो. भूप व देसकार यांचेही स्वर तेच. भूपात गंधार, तर देसकारात धैवत प्रमुख. हे भेद पुस्तकात सांगता येतात, पण त्यांची ओळख गुरूमुखातून आणि वारंवार ऐकूनच पक्की होते.

परीक्षापद्धती : गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार या परीक्षा लहान गावांपर्यंत पोहोचल्या. त्यांमुळे गवयाच्या घरी जन्म न घेतलेल्या मुलामुलींना, विशेषतः मध्यमवर्गीय स्त्रियांना, संगीताची वाट मोकळी झाली. खैरागढ येथे १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. अन्य विद्यापीठांतूनही संगीत विभाग निघाले. या पद्धतीवर आक्षेपही आले. ठराविक वर्षांत ठराविक रागांची संख्या पुरी करावयाची असल्याने एका रागात दीर्घकाळ मुरण्यास अवसर राहत नाही. वर्गात तीस कंठांना एकच स्वरपट्टी देणे सोयीचे, पण गळ्याला घातक असते. पदवी मिळते, परंतु मैफलीत गाण्याची ताकद येतेच असे नाही. या आक्षेपांत तथ्य आहे. मात्र विद्यालयांचे मोजमाप केवळ त्यांतून निघालेल्या गवयांच्या संख्येने करणे योग्य नव्हे. तानसेन निर्माण झाले नाहीत तरी कानसेन निर्माण व्हावेत, ही भूमिका पलुसकरांच्या नावावर सांगितली जाते आणि त्या दृष्टीने या शाळांचे यश निर्विवाद आहे.

श्रवण व रसग्रहण : महाराष्ट्रात सामान्य रसिकाचा कान तयार करण्यात संगीत नाटकाचा वाटा मोठा आहे. १८८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून ही परंपरा सुरू झाली. मानापमान (१९११) या नाटकाला गोविंदराव टेंबे यांनी व स्वयंवर (१९१६) या नाटकाला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा शास्त्रोक्त राग व बंदिशींचे घाट नाट्यपदांच्या रूपाने घरोघरी पोहोचले. रागाचे नाव ठाऊक नसलेला प्रेक्षकही त्याची वळणे ओळखू लागला. ध्वनिमुद्रिकांनी दूरच्या गायकांचा आवाज खेड्यापर्यंत नेला. मात्र सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत विलंबित ख्यालाचा विस्तार मावत नसे. आकाशवाणीने १९५२ मध्ये सुरू केलेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात आरंभिलेला सवाई गंधर्व महोत्सव यांमुळे दीर्घ मैफल ऐकण्याची सवय मोठ्या समुदायाला लागली. १९७७ मध्ये निघालेल्या स्पिक मॅके या संस्थेने कलावंतांना महाविद्यालयांत नेऊन विद्यार्थ्यांशी त्यांची भेट घडविली.

रसग्रहणाला मराठीत लेखनाचीही जोड मिळाली. गोविंदराव टेंबे व केशवराव भोळे यांनी गायकांच्या शैलींची मर्मग्राही चिकित्सा केली. वामनराव देशपांडे यांनी घरंदाज गायकी (१९६१) या ग्रंथात स्वर व लय यांच्या परस्परप्रमाणावरून घराण्यांचे स्वरूप उलगडले, तर अशोक रानडे यांनी सौंदर्यशास्त्राच्या अंगाने विचार मांडला. अशा लेखनामुळे ‘वाहवा’ देण्यापलीकडे जाऊन गायक काय करीत आहे हे पाहण्याची दृष्टी श्रोत्यांना लाभली. षड्जाकडे व समेकडे लक्ष ठेवणे, बंदिशीचा मुखडा ध्यानी धरणे, एकच राग निरनिराळ्या गायकांकडून ऐकणे, हा श्रवणाभ्यासाचा सोपा क्रम होय.

सद्यःस्थिती : निव्वळ वर्गशिक्षणाच्या मर्यादा ध्यानी आल्यावर गुरुकुलाची कल्पना नव्या स्वरूपात पुढे आली. कलकत्ता (कोलकाता) येथे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवासी गुरू व शिष्यवृत्तिधारक शिष्य यांची योजना करण्यात आली. ध्वनिमुद्रण सुलभ झाल्याने तालीम टिपून ठेवता येते. इंटरनेटवरून परदेशांतील मराठी कुटुंबांतील मुलेही भारतातील गुरूंकडे शिकतात. पूर्वी विद्यार्थ्याला एका बंदिशीसाठी वर्षे घालवावी लागत. आज असंख्य बंदिशी हाताशी आहेत आणि त्यांतून निवड करून एकीवर स्थिर राहणे हेच कठीण झाले आहे. विद्या मिळविण्यातील अडचण बरीच दूर झाली आहे. ती मुरविण्यास लागणारा काळ मात्र पूर्वीइतकाच आहे. म्हणूनच विद्यालयाची शिस्त, ग्रंथांचा आधार आणि गुरूचा सहवास या तिन्हींची आवश्यकता आजही कायम आहे.