उन्हाळ्यात वळूचे वृषण खाली का लोंबतात?

मे महिन्याच्या दुपारी वळू पाहिलात, तर त्याचे वृषण बरेच खाली लोंबलेले दिसतील. तोच वळू डिसेंबरच्या पहाटे पाहिला, तर ते पोटाजवळ ओढले गेलेले असतात. हे काम दोन स्नायू करतात: डार्टोस आणि क्रेमास्टर.

वृषण पोटाबाहेर का?

वळूच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असतं. शुक्राणू नीट तयार व्हायचे, तर वृषण त्याहून २ ते ६ अंशांनी थंड राहावे लागतात. म्हणून ते पोटाबाहेरच्या पिशवीत, म्हणजे वृषणकोशात असतात.

कोणता स्नायू काय करतो?

डार्टोस: वृषणकोशाच्या त्वचेला आतून चिकटलेला पातळ थर. थंडीत तो आकसतो, त्वचेला सुरकुत्या पडतात आणि ऊब टिकते. उन्हात तो सैल पडतो. तो बराच वेळ आकसून राहू शकतो.

क्रेमास्टर: पोटाच्या स्नायूपासून निघून खाली वृषणाकडे जाणारा पट्टा. थंडी वाजली किंवा जनावर बिचकलं की तो वृषण झटकन वर ओढतो. मात्र फार वेळ तसा धरून ठेवू शकत नाही.

यांच्या जोडीला रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. वृषणाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताजवळून वाहतं आणि वाटेतच निवतं. घामही मदत करतो.

सगळ्या नरांमध्ये असंच असतं का?

नाही. घोडा, बोकड आणि माणसात हे दोन्ही स्नायू असतात. हत्तीचे वृषण मात्र पोटातच, मूत्रपिंडांजवळ असतात. कोंबड्याचेही आतच असतात.

पशुपालकांनी काय लक्षात ठेवावं?

कडक ऊन किंवा ताप असेल, तर हे स्नायू पूर्ण सैल पडूनही पुरे पडत नाहीत. वळूमध्ये शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात. त्यामुळे मेमधल्या उन्हाचा फटका जून-जुलैमध्येही दिसू शकतो. तेव्हा वळू वरून ठणठणीत असतो, गाय मात्र पुन्हा पुन्हा उलटते आणि दोष गायीवर येतो.

म्हणून उन्हाळ्यात वळूला सावली आणि भरपूर पाणी द्या. एकाच वळूकडून लागलेल्या बऱ्याच गायी उलटत असतील, तर गाय विकायच्या आधी पशुवैद्यकाकडून त्या वळूचं वीर्य तपासून घ्या.