चाकांवरचे स्वराज्य

खेळांचा इतिहास लिहिताना विक्रम आणि विजेते यांचीच नोंद बहुधा ठेवली जाते. खेळाचा धनी कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील ‘रोलर डर्बी’ या खेळाचा इतिहास मात्र या प्रश्नावाचून उलगडत नाही, असे आम्हांस वाटते.

13 ऑगस्ट 1935 रोजी शिकागोच्या कॉलिसियम या सभागृहात लिओ सेल्ट्झर या व्यावसायिकाने चाकांच्या बुटांवरची एक दीर्घ शर्यत भरविली. दिवस मंदीचे होते. एक पुरुष व एक स्त्री अशा जोड्यांनी वर्तुळाकार धावपट्टीवर फेऱ्या घालीत अमेरिका ओलांडण्याइतके अंतर कापावयाचे, अशी कल्पना होती. ते दशक सरता सरता या शर्यतीची दोन संघांतील झुंज झाली. जी धक्काबुक्की आजवर अपघाताने होई, ती आता नियमाने होऊ लागली. या बदलात लेखक डेमन रनियन यांच्या सूचनेचा वाटा होता. 1948 पासून दूरचित्रवाणीने हा खेळ घरोघर नेला. स्त्रिया व पुरुष एकाच नियमांनी खेळत, ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट. परंतु सर्व सूत्रे सेल्ट्झर कुटुंबाच्या हाती होती. 1973 च्या अखेरीस, इंधनटंचाईच्या दिवसांत, लिओंचे पुत्र जेरी यांनी व्यवसाय आवरता घेतला. खेळाडूंच्या अंगचे कौशल्य कोठे गेले नव्हते. पण धन्याने दार लावताच मूळ डर्बी संपली.

पुनर्जन्माची कथा याच्या नेमकी उलट आहे. 2001 च्या सुमारास टेक्सासमधील ऑस्टिन शहरात एका उत्साही गृहस्थाने डर्बीसाठी स्त्रिया जमविल्या आणि थोड्याच दिवसांत तो गाव सोडून निघून गेला. धनी गेला, तरी या वेळी खेळ मोडला नाही. मागे राहिलेल्या स्त्रियांनीच संघ बांधले. मात्र स्वामित्वाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कारभार मोजक्या जणींच्या हाती असावा की सर्व खेळाडूंच्या, या व अशा मतभेदांतून 2003 मध्ये फूट पडली. एका गटाने उतरत्या कडांची धावपट्टी पसंत केली. ‘टेक्सास रोलरगर्ल्स’ या दुसऱ्या गटाने सपाट जमीन स्वीकारली.

हा निर्णय दिसतो त्याहून मोठा होता. उतरती धावपट्टी बांधण्यास, ठेवण्यास व हलविण्यास पैसा लागतो, आणि पैशामागून धनी येतो. सपाट धावपट्टी आखण्यास दोरी आणि चिकटपट्टी पुरते. कोणत्याही गावातील रिकामी वखार संध्याकाळपुरती क्रीडांगण होऊ शकते.

खेळ समजण्यास कठीण नाही. प्रत्येक संघाच्या पाच जणी उतरतात. शिरस्त्राणावर तारा असलेली ‘जॅमर’ प्रतिपक्षाच्या घोळक्यातून वाट काढते. पहिल्या वेळी गुण नाही, त्यानंतर ओलांडलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धिनीमागे एक गुण. डाव फार तर दोन मिनिटांचा, सामना साठ मिनिटांचा.

यापेक्षा रोचक आहे तो पडद्यामागचा संसार. खेळाडूंना वेतन नाही. उलट त्याच वर्गणी भरतात. दिवसभराची नोकरी आटोपून सरावाला यावयाचे, विनोदी टोपणनाव धारण करून मैदानात उतरावयाचे आणि उरल्या वेळात तिकिटे, हिशेब व प्रसिद्धी यांच्या समित्या चालवावयाच्या. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या समित्यांतील रुसवेफुगवे निराळे सांगावयास नकोत. स्वराज्याची किंमत पडण्या-झडण्यापेक्षा या बैठकांतच अधिक मोजावी लागते.

तरीही ती मोजणाऱ्या वाढत गेल्या. 2004 मध्ये अनेक शहरांतील मंडळ्या एकत्र आल्या व त्यांतून सपाट धावपट्टीवरील डर्बीची स्त्रियांची संघटना उभी राहिली. मंडळीची निम्म्याहून अधिक मालकी खेळाडूंचीच असावी, हा तिने घातलेला दंडक आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 2006 मध्ये ॲरिझोनातील टूसॉन येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व ती टेक्सास रोलरगर्ल्सनी जिंकली. 2011 मध्ये टोरोंटो येथील पहिल्या विश्वचषकास तेरा देशांचे संघ आले.

1973 मध्ये एका माणसाच्या निर्णयाने जो खेळ थांबला, तो आता तसा थांबविता येणार नाही. एखादी मंडळी मोडेल, दुसरी फुटेल. परंतु सर्वांच्या वतीने दार लावण्याचा अधिकार आता कोणा एकाच्या हाती उरलेला नाही.