तारापूरचा कोट आणि सोपाऱ्याचा पांथस्थ

बोईसर स्टेशनावरून पश्चिमेकडे निघालें म्हणजे कारखान्यांची दाटी मागें टाकून कांहीं मैलांवर तारापूर गांव लागतें. आजच्या श्रोत्याच्या मनांत हें नांव १९६९ सालीं सुरू झालेल्या अणुवीजकेंद्राशीं जोडलेलें असतें. परंतु गांवचा दगडी कोट त्याहून पुष्कळ जुना आहे. सोळाव्या शतकापासून १७३९ पर्यंत तो पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. या कोटावर तोफा होत्या, आणि तोफांच्या सावलींतून एक धर्मसंदेशहि या किनाऱ्यावर आला होता. तोच संदेश घेऊन आलेला दुसरा एक मनुष्य त्याआधीं दोनशें वर्षांहून अधिक काळ येथून दक्षिणेस सोपाऱ्याला येऊन राहिला होता. त्याच्यापाशीं कोट नव्हता, तोफ नव्हती, आणि त्याच्याच शब्दावर विश्वास ठेवायचा तर अंगावर धड वस्त्रहि नव्हतें. या दोन आगमनांच्या कथा एकमेकींशेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

ख्रिस्ती धर्मांत आपली श्रद्धा दुसऱ्यास सांगणें ही कोणाच्या हौसेची बाब नव्हे. तें कर्तव्य आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येशू आपल्या अकरा शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा करतो, आणि ती आज्ञा आपणांसहि लागू आहे असें बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य मानतो. आपल्याकडील परंपरागत समजूत याच्या उलट आहे. येथें जिज्ञासु शिष्य गुरूचें दार शोधीत जातो. तेथें गुरुच दारोदार हिंडतो. कित्येक गैरसमजांचें मूळ या एका फरकांत आहे. तथापि धर्म दूरदेशच्या माणसास जाऊन सांगावा ही कल्पना या किनाऱ्यास अगदींच परकी होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. सोपाऱ्यासच १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत तें टेकाड उकरतां आंत बौद्ध स्तूप निघाला. अशोकाच्या काळीं धर्मरक्षित नांवाचा यवन भिक्षु अपरान्तांत, म्हणजे याच मुलखांत, धर्म सांगावयास आला होता असें सिंहलद्वीपाचा महावंस सांगतो. सोपारें हें बंदर मालाप्रमाणें विचारांचेंहि उतारपेठ होतें.

या बंदरांत इ. स. १३२१ मध्यें जॉर्दानस आला. तो दक्षिण फ्रान्सांतला, डोमिनिकन पंथाचा साधु. त्याच्यासंगें फ्रान्सिस्कन पंथाचे चौघे होते: तोलेन्तिनोचा वृद्ध थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. या शेवटच्यास अनेक भाषा येत, म्हणून तो दुभाष्याचें काम करी. त्यांना जावयाचें होतें कोल्लमला. परंतु गलबत ठाण्यास लागलें. तेथें त्यांना पूर्वेकडील नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांनीं आसरा दिला. अशीं पंधरा घरें ठाण्यांत असल्याचें मागाहून आलेला ओडोरिक हा प्रवासी लिहितो. म्हणजे जॉर्दानस हा या किनाऱ्यावरील पहिला ख्रिस्ती मनुष्य नव्हे. सहाव्या शतकांतील कॉस्मस याने 'कल्लियाना' येथें इराणहून नेमला गेलेला बिशप असल्याचें नमूद केलें आहे, आणि हें गांव म्हणजे आपलें कल्याण असें विद्वान मानतात. ही मंडळी व्यापार करीत, आपल्या घरीं आपली प्रार्थना करीत, आणि शेजाऱ्यांना सहसा कांहीं सांगावयास जात नसत. शतकानुशतकें त्यांचें कोणाशीं वैर झाल्याचें ऐकिवांत नाहीं, आणि त्यांचा मागमूसहि फारसा उरला नाहीं.

सोपाऱ्यास व भडोचेस नांवापुरते ख्रिस्ती असे कांहीं लोक आहेत, त्यांना बाप्तिस्माहि मिळालेला नाहीं, असें या यजमानांनीं पाहुण्यांना सांगितलें. पांचांत फारसी भाषा उत्तम येई ती जॉर्दानसला. म्हणून तो निघाला आणि चौघे ठाण्यास राहिले. तो सोपाऱ्यास असतांना इकडे ठाण्यांत एक क्षुल्लक घरगुती भांडण झालें. यजमानानें बायकोस मारलें; तिनें काजीकडे फिर्याद नेली; साक्षीदार कोण, तर घरीं उतरलेले चार परदेशी साधु. साक्ष बाजूस राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. काजीनें पैगंबराविषयीं त्यांचें मत विचारलें. थॉमसनें प्रथम उत्तर टाळण्याचा यत्न केला, आणि फारच आग्रह झाला तेव्हां मनांतलें कठोर उत्तर देऊन टाकलें. परिणाम ठरलेलाच होता. ९ एप्रिल १३२१ रोजीं तिघांना ठार करण्यांत आलें. घरीं मागें राहिलेल्या पीटरला दोन दिवसांनीं तीच गति मिळाली. दिल्लीस त्या वेळीं घियासुद्दीन तुघलक होता. त्यानें ठाण्याच्या मलिकास या कृत्याबद्दल देहदंड दिला असें ओडोरिकच्या वृत्तांतांत आहे. तें खरें असेल तर त्या काळच्या राज्यव्यवस्थेची एक निराळी बाजू त्यांत दिसते.

सांगण्याच्या कर्तव्याची ही पहिली किंमत. थॉमसनें गप्प राहावयास हवें होतें काय? आजचा समंजस वाचक कदाचित् होय म्हणेल. परंतु जो मनुष्य इटलीहून समुद्र ओलांडून केवळ सांगण्यासाठींच निघाला, त्याला प्रश्न विचारल्यावर मौन धरणें हेंच खोटें बोलण्यासारखें वाटलें असावें. दुसऱ्याच्या श्रद्धेस न दुखवतां आपली श्रद्धा कशी सांगावी, या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. पुढील कित्येक शतकें तें फारच थोड्यांपाशीं होतें.

जॉर्दानस परत आला, त्यानें सोबत्यांचीं प्रेतें सोपाऱ्यास नेऊन पुरलीं, आणि तो एकटा राहिला. पुढें ओडोरिकनें त्यांच्या अस्थि उकरून थेट चीनपर्यंत नेल्या. १३२१ च्या ऑक्टोबरांत आणि पुन्हां १३२४ च्या जानेवारींत जॉर्दानसनें इराणांतील आपल्या बांधवांना पत्रें धाडलीं. तीं दोन्ही आज उपलब्ध आहेत, आणि या किनाऱ्याच्या इतिहासांत इतका मोकळा स्वर क्वचितच ऐकूं येतो. भडोचेस नव्वद जणांना बाप्तिस्मा दिला, मागाहून आणखी विसांवर, आणि ठाणें व सोपारें यांच्या दरम्यान पस्तीस जणांना, असा हिशेब तो देतो. हा आंकडा फुगविलेला नाहीं, हेंच त्याच्या खरेपणाचें प्रमाण. चांच्यांनीं लुटलें, तुरुंगांत टाकलें, शिव्याशाप ऐकले, अंगावर सदरा राहिला नाहीं, असेंहि तो लिहितो. मग मागणी येते: धर्मबंधु पाठवा. सोपाऱ्यास दोघे पुरेत, भडोचेस दोघे-तिघे लागतील, आणि कोल्लमकडेहि माणसें हवींत. कोठें किती माणसें लागतील याचा असा नेमका अंदाज बांधणारा हा मनुष्य नुसता भाविक नव्हता.

त्याची दृष्टीहि जागी होती. पुढें त्यानें पूर्वेकडील नवलांचें एक छोटें पुस्तक लॅटिनमध्यें लिहिलें. त्यांत फणस आहे, आंबा आहे, आणि अग्नीची पूजा करून आपलीं प्रेतें छपराविना असलेल्या मनोऱ्यांत ठेवणारे लोकहि आहेत. हे पारशी होत, हें उघडच आहे. मूर्तिपूजकांमध्यें परमेश्वराचें वचन निर्भयपणें सांगतां येतें, त्यांच्यापैकीं कोणी बाप्तिस्मा घेऊं इच्छील तर त्यास कोणी अडवीत नाहीं, असा निर्वाळा त्यानें दिला आहे. इकडील सहिष्णुतेस परक्यानें दिलेली ही साक्ष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेले हे लोक युरोपांतील जुन्या ख्रिस्ती लोकांपेक्षां दसपटीनें चांगले, असेंहि तो शपथेवर सांगतो. पण त्याच लेखणीनें दुसऱ्या पत्रांत एक वेगळीच सूचना केली आहे: पोपनें या समुद्रांत दोन लढाऊ गलबतें ठेवलीं तर केवढा लाभ होईल आणि इजिप्तच्या सुलतानाची केवढी हानि होईल! मित्र मारले गेलेल्या, एकाकी, आजारी माणसाचे ते उद्गार आहेत. तरीहि गलबतांचा विचार सोपाऱ्याच्या या उघड्या अंगाच्या साधूच्या मनांत येऊन गेला, हें विसरतां येत नाहीं. १३२९ सालीं पोपनें त्याला कोल्लमचा बिशप नेमलें. गलबतें मात्र आलीं नाहींत.

तीं आलीं दोनशें वर्षांनीं, आणि दोन नव्हे. १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें दमणपर्यंतची पट्टी त्यांच्या हातीं गेली. माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर, डहाणू अशी कोटांची माळच किनाऱ्यावर उभी राहिली. आतां सांगणारा आणि राज्य करणारा एक झाला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेण्यांत चर्च बसलें तें याच काळीं. १५६७ सालीं गोव्यास भरलेल्या धर्मसभेनें धाकदपटशानें कोणासहि ख्रिस्ती करूं नये असा ठराव केला, आणि त्याच सभेनें हिंदूंचे पुरोहित राज्याबाहेर घालवावेत, देवळें राहूं देऊं नयेत, असेंहि ठरविलें. हे दोन ठराव एकाच मसुद्यांत लिहितांना लेखकाचा हात थांबला कसा नाहीं, याचें आश्चर्य वाटतें. तत्त्व शाबूत ठेवून व्यवहार उलटा करण्याची ही कला त्या एका राष्ट्राचीच आहे असें मात्र नाहीं.

तरी या काळाची पाटी कोरी किंवा काळी म्हणून सोडतां येत नाहीं. वसईस पोर्तुगीज पित्याच्या व देशी मातेच्या पोटीं जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानांत गेला, तेथें त्यानें व्यापार केला, भाषा शिकला, आणि पुढें फ्रान्सिस्कन पंथांत शिरून दुभाष्या म्हणून परत जपानास गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रूसावर खिळून मारलेल्या सव्वीस जणांत तो होता. १८६२ सालीं रोमनें त्याला संतपद दिलें. ज्या किनाऱ्यास संदेश सांगावयास माणसें येत होतीं, तेथलाच एक मनुष्य तो घेऊन बाहेर पडला. त्यालाहि दुसऱ्याच्या देशांत कोट नव्हता.

दुसरें उदाहरण भाषेचें. गोव्याकडील साष्टींत राहणाऱ्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेसुइटानें मराठी ओंवींत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. जुनीं पुराणें गेलीं, आतां आम्हीं ऐकावें काय, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची तक्रार त्या ग्रंथाच्या मुळाशीं आहे. म्हणजे येथें प्रथमच सांगणाऱ्यानें ऐकणाऱ्याचें ऐकून घेतलें. जॉर्दानस फारसींत बोलला. ती बंदरांतल्या व्यापाऱ्यांची भाषा, शेतांतल्या कुळाची नव्हे. स्टीफन्सची ओंवी घराघरांत म्हटली गेली. आणि पुढें सत्तर वर्षांच्या आंत, १६८४ सालीं, गोव्याच्या विजरईनें लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला! राज्यकर्त्याला श्रोत्याची भाषा नेहमींच संशयास्पद वाटते.

१७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पाच्या फौजांनीं माहीम, केळवें, शिरगांव घेतलें आणि मग तारापूरचा कोट जिंकला. येथें झुंज तुंबळ झाली. बाजी भीवराव रेठरेकर हा नामांकित सरदार येथेंच पडला. मे महिन्यांत वसई पडली. पोर्तुगीजांना शस्त्रांनिशीं सन्मानानें जाऊं दिलें गेलें, आणि मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. गोरे पाद्री गेले, कारभार देशी धर्मगुरूंच्या हातीं आला. खरी परीक्षा येथून सुरू झाली, कारण आतां ख्रिस्ती राहण्यांत कोणताहि लौकिक लाभ उरला नव्हता. तारापूर-डहाणूकडे ख्रिस्ती वस्ती तुरळक राहिली. वसईच्या बागाईतींत मात्र ती टिकली. तेथील ख्रिस्ती सामवेदी आणि वाडवळ शेतकरी आपल्या हिंदु शेजाऱ्यांसारखीच बोली बोलत, तशींच केळीं व पानवेली लावीत राहिले. धर्म त्यांच्या जिभेवर व जमिनींत मुरला होता.

पुढील काळांतली एकच गोष्ट सांगावयाची. १८९४ सालीं अमेरिकेंतील 'चर्च ऑफ द ब्रेदरन' या पंथाचीं माणसें मुंबईस उतरलीं; त्यांनीं प्रथम बलसाड व नंतर विसाव्या शतकाच्या आरंभीं डहाणू येथें ठाणें केलें. १७०८ सालीं जर्मनींत उगम पावलेला हा पंथ युद्धांत भाग घेणें पाप मानतो, शपथहि घेत नाहीं. ज्या किनाऱ्यावर कोटांची माळ, तेथें शस्त्र न शिवणारे प्रचारक यावेत, हा योग विलक्षण खरा. त्यांनीं शाळा काढल्या, डहाणूस इस्पितळ चालविलें, डॉ. बार्बारा निकी या स्त्री डॉक्टरनें तेथें अनेक वर्षें रुग्णसेवा केली. औषधाबरोबर धर्म द्यावा काय, हा प्रश्न या कामासहि विचारला गेला, आणि तो विचारला जाणें योग्यच होतें. तापानें फणफणलेला वारली मूल कडेवर घेऊन दाराशीं येतो तेव्हां तो कांहीं तत्त्वचर्चेस मोकळा नसतो. परंतु पिढ्यान् पिढ्या इस्पितळांत आलेल्यांपैकीं बहुतेक जण बरे होऊन आपापल्या देवांकडे परत गेले, आणि दार बंद झालें नाहीं. १९७० सालीं या मिशनचें चर्च उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्यें सामील झालें.

वसईच्या कॅथॉलिक मंडळींनीं आपल्या मासिकाला नांव दिलें 'सुवार्ता'. मूळ ग्रीक शब्दाचा हाच अर्थ. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल नव्यानें मराठींत आणलें, आणि २०२० सालीं उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांचा जन्म नंदाखालचा. जॉर्दानसनें जेथें दोन धर्मबंधु मागितले होते, त्या सोपाऱ्यापासून हें गांव फार दूर नाहीं.