सात हालीचे सहा कलदार

साल १९३०. सरकारी दप्तरात फसली १३३९. ज्येष्ठ सरत आलाय आणि गंगाखेडच्या घाटावर गोदावरीचं पाणी गढूळ व्हायला लागलंय. तू संत जनाबाईचं नाव घेऊन बाजारात येतोस. उद्या दिंडीबरोबर पंढरपूरला निघायचंय. कमरेच्या कशात हैदराबादच्या निजामाचे चौदा रुपये आहेत, म्हणजे हाली; वर थोडा खुर्दा.

त्यातला एक रुपया तळहातावर घे. मधोमध चारमिनार, भोवती फारसीत आसफजाही किताब. चारमिनारच्या दारात नीट बघ, एक अक्षर आहे: ऐन. सध्याच्या निजामाचं, उस्मान अलीखानाचं. कशातल्या जुन्या, गुळगुळीत रुपयावर तिथंच मीम दिसेल, तो महबूब अलीखानाचा. किताब पहिल्या निजामापासून तोच चालत आलेला, म्हणून गादीवर कोण आहे ते या एकुलत्या अक्षरावरून ओळखायचं. १९११ साली राजा बदलला, दारातलं अक्षर बदललं.

सराफ एकेक रुपया फरशीवर वाजवून घेतो. "माऊली, पंढरपूर इंग्रजाच्या मुलखात. तिथं हाली चालायचा नाही, इंग्रजी रुपया, कलदार घेऊन जा."

चौदा देतोस, बारा येतात. त्यातूनही बट्टा जातोच. तुला वाटतं, लुबाडलं. पण तराजू खोटं बोलत नाही. हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा ८१.८. कलदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी शेकडा ९१.७. सात हालींतली चांदी आणि सहा कलदारांतली चांदी, दोन्ही ६४ ग्रॅमच्या आसपास. सरकारी दरही हाच: शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हिशेब चोख आहे, तरीही मला तो बोचतो. जनाबाईच्या गावाहून तिच्या विठ्ठलाकडे जायला वारकऱ्याला दोन सरकारांचे पैसे लागावेत!

आणखी मागे चल, १८५५ मध्ये. चारमिनार अजून नाण्यावर आलेला नाही, तो यायला १९०३ उजाडेल. हातात येतो तो हातोड्याने ठोकलेला जाड रुपया. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली. उरलेल्यांत नाव आहे दिल्लीच्या बहादूरशहाचं. १७२४ मध्ये शकरखेड्याच्या लढाईनंतर निजाम दिल्लीला जुमानेनासा झाला; तरी सव्वाशे वर्षांहून अधिक काळ इथल्या बाजारात बादशहाचं नाव खुळखुळत राहिलं. साम्राज्य संपलं तरी त्याचं नाणं संपत नाही, कारण रयतेला ओळखीचा ठसाच पटतो. १८५७ च्या उठावानंतर ते नाव गेलं. त्याजागी आसफजाहचा किताब आणि ९२ हा आकडा आला. अबजद पद्धतीने 'मुहम्मद' या नावाची बेरीज ९२ होते.

आता आजच्या गंगाखेडात ये. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट गेली, पुढच्या दशकात हालीही व्यवहारातून उठला. पण एखाद्या जुन्या घराच्या डब्यात, देवघरात, आजीच्या गळ्यातल्या माळेत तो अजून सापडतो. कडी जोडलेला रुपया संग्राहक कमी भावात मागतात. मला तसाच आवडतो, कारण तो कुणीतरी अंगावर वागवलेला असतो. मोडीत मात्र कडीचा आणि बिनकडीचा दोन्ही सारखेच वितळतात, त्यांवरचं ऐन वाचणारा तिथं कुणी नसतो.

म्हणून मिळाला तर चिंचेने घासू नकोस, जुना काळपटपणा तसाच राहू दे. हिजरी साल वाच, वजन कर, कागदी पाकिटात ठेव आणि पाकिटावर गावाचं नाव लिही: कुठल्या घरातून आला, कुणी जपला होता, कशासाठी.